भित्यापाठी ब्रह्मराक्षस : भयाच्या शोधाची दीडशे वर्षे

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाच्या कानांवरून गेलेली असते, आणि बहुधा ती उपहासानेच उच्चारलेली असते. अंधारात परसदारी जावयास कचरणारे मूल, परीक्षेच्या आदल्या रात्री पुनःपुन्हा उठून बसणारा विद्यार्थी, मुलगा घरी यावयास तासभर उशीर झाला की नाही नाही ते मनात आणणारी आई, या सर्वांना ती केव्हा ना केव्हा ऐकावी लागते. परंतु म्हणीतील उपहास बाजूस ठेवला, तर तिच्यात एक मार्मिक निरीक्षण आहे. ब्रह्मराक्षस सर्वांच्याच पाठीस लागत नाही; तो भित्याच्याच पाठीस लागतो. म्हणजे आपणांस काय दिसते हे जसे समोरच्या वस्तूवर अवलंबून असते, तसेच ते पाहणाऱ्याच्या मनःस्थितीवरही अवलंबून असते. हे असे का व्हावे, याचे उत्तर शोधण्यात विज्ञानाची गेली दीडशे वर्षे गेली आहेत. ते उत्तर वेळेवर न मिळाल्यामुळे काही माणसांना आपल्या प्राणांस मुकावे लागले. त्या शोधाची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

श्रोतेहो, आरंभी दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. प्रत्यक्ष समोर उभ्या ठाकलेल्या संकटामुळे जे वाटते ते भय. जे संकट अद्याप आलेले नाही, कदाचित कधी येणारही नाही, त्याच्या चाहुलीने मन सतत कान टवकारून बसते, ती चिंता. भय प्रसंगाबरोबर येते आणि प्रसंगाबरोबर ओसरते. चिंता मात्र प्रसंगावाचूनही वस्तीस राहते, आणि येणाऱ्या प्रत्येक प्रसंगावर आपली छाया पाडते.

भयाच्या शारीरिक लक्षणांची ओळख आपल्याकडे प्राचीन आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुन आपली अवस्था सांगतो, तेव्हा गात्रे गळणे, तोंडास कोरड पडणे, अंगास कंप सुटणे, रोमांच उभे राहणे आणि हातातून गांडीव निसटणे या सर्वांचा तो क्रमाने उल्लेख करतो. भरताच्या नाट्यशास्त्रात भय हा भयानक रसाचा स्थायीभाव मानला असून, स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. भावना ही केवळ मनात राहत नाही, ती देहावर उमटते, हे त्या ग्रंथकारांना पूर्णपणे अवगत होते. परंतु देहाच्या आत, कोणत्या मार्गाने, कशाच्या मागून काय घडते हे पाहण्याची साधने उपलब्ध होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

१८७२ साली चार्ल्स डार्विनने माणसाच्या व प्राण्यांच्या भावनाविष्कारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने स्वतःवरच केलेला एक लहानसा प्रयोग नमूद केला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ ॲडर नावाचा एक विषारी आफ्रिकन साप जाड काचेच्या आड ठेवलेला होता. डार्विन आपला चेहरा त्या काचेजवळ नेऊन उभा राहिला. साप अंगावर आला तरी मागे सरावयाचे नाही, असा त्याचा दृढ निश्चय होता. मध्ये काच आहे हे तो पूर्णपणे जाणून होता. तथापि सापाने फूत्कार टाकून झडप घातली मात्र, डार्विनचा निश्चय कोठल्या कोठे गेला, आणि तो विलक्षण वेगाने एकदोन यार्ड मागे उडाला. ज्या संकटाचा त्याला पूर्वी कधीही अनुभव आलेला नव्हता, त्यापुढे त्याची इच्छाशक्ती आणि बुद्धी या दोन्ही निष्प्रभ ठरल्या, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले. डार्विन भित्रा होता असे कोणी म्हणणार नाही. मग त्याला मागे कोणी ओढले?

या प्रश्नास पहिले धीट उत्तर दिले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम जेम्स यांनी, १८८४ साली. आपण सामान्यतः असे समजतो की अस्वल दिसले, भय वाटले, आणि म्हणून आपण पळालो. जेम्स यांनी हा क्रम उलटा केला. अस्वल दिसताच देह थरथरतो व पळू लागतो, आणि त्या थरथरीची जी जाणीव मनास होते तिचेच नाव भय, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधील कार्ल लांगे यांनीही स्वतंत्रपणे असेच मत मांडले.

त्याच हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांनी या मताची कसून परीक्षा केली. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला, आणि लवकरच कॅनन त्यांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराच्या हालचाली पाहू लागले. मांजर अस्वस्थ झाले की जठराची हालचाल एकाएकी थांबते, हे त्यांच्या दृष्टीस पडले. या धाग्याचा पाठपुरावा करीत त्यांनी १९१५ साली एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. भयाच्या वा क्रोधाच्या क्षणी मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात मिसळते, हृदयाची गती वाढते, रक्तातील साखर वाढते आणि रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. लढावयाचे असो वा पळावयाचे असो, देह क्षणार्धात सज्ज होतो, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु हीच लक्षणे क्रोधातही दिसतात व भयातही दिसतात; शिवाय जठरादी इंद्रियांचे बदल अतिशय सावकाश घडतात. त्यामुळे केवळ देहाच्या थरथरीतून भय उत्पन्न होते हे म्हणणे टिकत नाही, असे कॅनन यांनी १९२७ साली बजावले. भयाचा उगम शोधावयाचा तर तो मेंदूतच शोधला पाहिजे, असा त्याचा इत्यर्थ होता.

श्रोतेहो, कॅनन यांचा ग्रंथ ज्या १९१५ साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी भयाचा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर फार निराळ्या रीतीने उभा राहिला होता. पहिले महायुद्ध पेटले होते. फ्रान्सच्या रणभूमीवरून असे सैनिक रुग्णालयांत येऊ लागले की ज्यांच्या अंगावर जखम नव्हती, पण ज्यांची स्मृती गेली होती, दृष्टी मंदावली होती, हातपाय थरथरत होते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांचे वर्णन करताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूस हादरा बसत असावा, अशी प्रथम समजूत होती. परंतु स्फोटापासून दूर असलेल्या सैनिकांतही तीच लक्षणे दिसू लागली, तेव्हा वैद्य गोंधळात पडले, आणि लष्करी न्यायालयांनी तर अनेकदा आपल्या परीने सोपा निर्णय दिला. हा भ्याडपणा आहे, असे त्यांनी ठरविले.

हॅरी फार नावाच्या इंग्रज शिपायाची कथा या संदर्भात पुढे जगजाहीर झाली. १९१५ साली त्याने शेल शॉकमुळे पाच महिने रुग्णालयात काढले होते. बरा झाला असे समजून त्याला पुन्हा आघाडीवर धाडण्यात आले. १९१६ च्या सप्टेंबरात, सॉमच्या लढाईच्या काळात, त्याचे पाऊल पुढे पडेना. १६ ऑक्टोबर १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, भ्याडपणाच्या आरोपाखाली त्याला त्याच्याच बाजूच्या सैनिकांकडून गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या कुटुंबाने नव्वद वर्षांनी न्याय मिळविला. भ्याडपणा, पलायन यांसारख्या आरोपांखाली त्या युद्धात देहान्त शासन झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश पार्लमेंटने २००६ साली कायद्याने क्षमा जाहीर केली. ते सर्वच मनोरुग्ण होते असे कोणी म्हणत नाही. परंतु त्यांच्यातील किती जणांचे पाय त्यांच्या इच्छेविरुद्ध खिळून राहिले होते, हे विचारण्याची तसदी त्या वेळी क्वचितच घेतली गेली.

विचारणारेही कोणी नव्हते असे नाही. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे त्यांपैकी एक. निलगिरीतील तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी १९०६ साली त्या जमातीवर ग्रंथ लिहिला होता, त्यामुळे हिंदुस्थानातील अभ्यासकांस ते नाव परिचित आहे. महायुद्धात एडिंबराजवळील क्रेगलॉकहार्ट येथील रुग्णालयात ते सैनिक अधिकाऱ्यांवर उपचार करीत. 'झाले गेले विसरून जा' असा उपदेश या रुग्णांना सर्वांकडून होत असे. रिव्हर्स यांनी दाखवून दिले की या बळजबरीच्या विस्मृतीमुळेच दिवसा दडपलेले भय रात्री स्वप्नांतून दुप्पट जोराने उसळते. जे आठवते ते बोलू द्यावे, सहन होईल इतक्या मात्रेने आठवू द्यावे, अशी त्यांची पद्धत होती.

मेंदूतील भयाच्या मार्गाचा पहिला ठळक धागा मात्र अनपेक्षित ठिकाणी हाती लागला. १९३७ च्या सुमारास शिकागो येथे हाइनरिख क्ल्यूव्हर आणि शस्त्रवैद्य पॉल ब्यूसी यांनी काही ऱ्हीसस माकडांच्या मेंदूचे दोन्ही कानशिलांकडील भाग काढून टाकले. त्यांचा मूळ हेतू एका मादक द्रव्याचा परिणाम तपासण्याचा होता. परंतु उत्तर हिंदुस्थानातील देवळांच्या आवारांत आपण ज्यांना बिचकताना, दात विचकताना पाहतो, त्याच जातीची ही माकडे शस्त्रक्रियेनंतर अगदी निर्भय झाली. सापासही ती हातात धरीत व तोंडात घालीत. १९५६ साली लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ यांनी सिद्ध केले की या बदलास त्या भागातील एक लहानसा पेशींचा पुंजका गेला तरी पुरेसा होतो. हा पुंजका मेंदूच्या दोन्ही बाजूंस एकेक असतो. त्याचा आकार बदामासारखा, म्हणून बदामाच्या ग्रीक नावावरून शरीरशास्त्रज्ञांनी त्यास 'ॲमिग्डला' असे म्हटले.

आता आपल्या वेदान्तातील एका प्रसिद्ध दृष्टान्ताची आठवण करून देतो. संधिप्रकाशात वाटेवर दोरी पडलेली असते, आणि पांथस्थास ती सर्प भासते. शंकराचार्यांच्या परंपरेत हा दृष्टान्त जगाच्या मिथ्यात्वासाठी योजिला आहे. योगायोग असा की न्यूयॉर्कमधील संशोधक जोसेफ लेडू यांनी आपला शोध समजावून देताना जवळजवळ हेच चित्र वापरले; दोरीच्या जागी वाटेवरची काटकी, इतकाच फरक. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी उंदरांना एक विशिष्ट ध्वनी ऐकवून लगेच विजेचा सौम्य धक्का दिला. थोड्याच वेळात उंदीर नुसत्या ध्वनीनेही थिजून जाऊ लागले. मग ध्वनीचे बारकाईने आकलन करणारा मेंदूचा वरचा थर निकामी केला, तरी उंदीर ते भय शिकतच होते. याचा अर्थ, कानावाटे आलेली वार्ता मेंदूत दोन वाटांनी जाते. एक वाट आखूड आहे. ती मेंदूच्या मध्यभागातील थॅलॅमस नावाच्या चौकीवरून थेट ॲमिग्डलाकडे जाते. या वाटेने पोचणारी वार्ता ओबडधोबड असते, पण ती आधी पोचते. दुसरी वाट वरच्या थरातून वळसा घेऊन जाते. ती वार्ता नेमकी असते, पण मागाहून येते. 'सर्प' अशी आरोळी प्रथम उठते, पाय मागे सरतात, आणि 'अरे, ही तर दोरी' हा विवेक नंतर येतो. माणसाच्या दृष्टीबाबत आखूड वाटेचे महत्त्व किती, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. तथापि भयाची प्रतिक्रिया विवेकाच्या परवानगीसाठी थांबत नाही, हे मात्र मान्य झाले आहे. काचेपुढे उभ्या असलेल्या डार्विनला मागे ओढणारा हात तो हाच.

येथवर भयाची गोष्ट झाली. आता चिंतेकडे वळू. १९८६ साली मॅक्लाउड, मॅथ्यूज आणि टाटा या तीन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एकाखाली एक असे दोन शब्द क्षणभर दाखवावयाचे. त्यांतील एक कधी कधी भयसूचक असे. शब्द नाहीसे होताच त्यांपैकी एकाच्या जागी एक ठिपका उमटे, आणि तो दिसताच कळ दाबावयाची. चिंताविकाराचे रुग्ण भयसूचक शब्दाच्या जागी उमटलेला ठिपका अधिक लवकर टिपत. याचा अर्थ, त्यांची नजर त्या शब्दाकडे अगोदरच ओढली गेलेली असे. इतर माणसांत ही ओढ आढळली नाही.

१९८९ साली याच अभ्यासाची दुसरी बाजू पुढे आली. इंग्रजीत 'डाय' या उच्चाराचे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ मरणे, दुसऱ्याचा रंगविणे. असे द्व्यर्थी शब्द उच्चारून ते लिहावयास सांगितले असता, चिंताग्रस्त माणसांनी भयसूचक अर्थाचा शब्द इतरांपेक्षा अधिक वेळा लिहिला. कानांवर पडलेला ध्वनी सर्वांना एकच होता. ऐकू मात्र निरनिराळे आले. आपल्या म्हणीतील ब्रह्मराक्षस येथे प्रयोगशाळेत सापडला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तप्रवाहाची चित्रे घेण्याची युक्ती साधली. घाबरलेल्या माणसाचा चेहरा सेकंदाच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतकाच दाखवून लगेच त्यावर निर्विकार चेहरा झाकला, तर पाहणारा बहुधा सांगतो की मला भ्यालेला चेहरा दिसलाच नाही. तरीही ॲमिग्डला चाळवते, असे १९९८ साली दिसून आले. २००४ साली दोन स्वतंत्र अभ्यासांनी यात भर घातली. ज्यांचा स्वभाव अधिक चिंताशील, त्यांची ॲमिग्डला या न दिसलेल्या चेहऱ्यांना अधिक जोराने प्रतिसाद देते, असे एकात आढळले. भयसूचक चेहऱ्यांनी लक्ष विचलित होत असता त्याला आवर घालणारे मेंदूच्या पुढील बाजूचे भाग चिंता अधिक असलेल्या माणसांत कमी कार्यप्रवृत्त होतात, असे दुसऱ्यात आढळले. म्हणजे वेशीवरचा पहारेकरी जरा जास्त सावध, आणि त्याची आरोळी तपासून 'काही नाही, निजा' असे सांगणारा पाटील जरा दमलेला, अशी ही स्थिती असते. अर्थात हे निष्कर्ष अनेक माणसांच्या सरासरीचे आहेत. एखाद्या व्यक्तीचे भविष्य त्यावरून वर्तविता येत नाही.

तर मग ॲमिग्डला हेच भयाचे घर मानावे काय? इतके सोपे उत्तर निसर्गाने दिलेले नाही. अमेरिकेतील आयोवा येथे एका स्त्रीच्या दोन्ही बाजूंच्या ॲमिग्डला एका दुर्मीळ रोगाने नष्ट झाल्या होत्या. इतरांच्या चेहऱ्यावरील भय तिला ओळखता येत नाही, असे १९९४ साली प्रसिद्ध झाले. साप आणि कोळी यांच्याजवळ ती निःशंकपणे जाई. पण २०१३ साली असे नमूद झाले की कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बरेच वाढविलेली हवा हुंगविताच, बाहेरच्या कोणत्याही संकटाला न भिणारी ही स्त्री आतून घाबरून गेली. गुदमरण्याचे भय दुसऱ्याच वाटेने आले होते. स्वतः लेडू यांनीही पुढे आग्रहाने सांगितले की धोका ओळखणारी यंत्रणा आणि 'मी भ्यालो आहे' ही जाणीव या दोन गोष्टी एक समजू नयेत. भयाचे घर एका खोलीचे नाही. तो एक चौसोपी वाडा आहे.

श्रोतेहो, या सर्व शोधाचे व्यावहारिक फलित काय? भय शिकता येते, तसेच निर्भयताही शिकता येते, हे फार पूर्वीच दिसून आले होते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला सशाचे विलक्षण भय वाटे. त्याला कोणी रागावले नाही, वा ससा बळेच त्याच्या मांडीवर ठेवला नाही. तो आवडीचा खाऊ खात असता पिंजऱ्यातील ससा प्रथम दूर ठेवला, आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला. न भिणाऱ्या मुलांची संगतही त्याला दिली. अखेरीस पीटर सशाबरोबर खेळू लागला. आजच्या चिंतेवरील उपचारांतील एक प्रमुख पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. मात्र पाव्हलॉव्ह यांनी आपल्या कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले होते की मावळलेली प्रतिक्रिया काही काळाने पुन्हा डोके वर काढते. जुनी शिकवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी शिकवण लिहिली जाते. म्हणूनच बरे झालेल्या माणसास पुन्हा भय वाटले, तर त्याचा प्रयत्न फुकट गेला असे समजू नये. तो धडा आणखी एकदा गिरवावयाचा असतो, इतकेच.

दीडशे वर्षांच्या या शोधाने आपणांस एक गोष्ट निःसंशय शिकविली आहे. ज्याला ब्रह्मराक्षस दिसतो, तो खोटे बोलत नसतो. त्याच्या मेंदूने तो खरोखरीच अगोदर पाहिलेला असतो, आणि विवेकाची वार्ता त्याच्यापर्यंत मागाहून, क्षीण आवाजात पोचत असते. त्याला 'भिऊ नकोस' एवढेच सांगणे म्हणजे काचेपुढे उभ्या असलेल्या डार्विनला 'मागे सरू नकोस' असे सांगण्यासारखे आहे. तो निश्चय तर त्याने स्वतःच केला होता. अशा माणसास उपदेशापेक्षा सोबत लागते, थोडा अवकाश लागतो, आणि गरज पडल्यास जाणत्या वैद्याचे साहाय्यही लागते. १९१६ साली हॅरी फारच्या वाट्यास यांतले काहीच आले नाही. आपल्या घरात, शाळेत वा कचेरीत जो कोणी आज रात्री डोळ्यास डोळा न लागता पडून असेल, त्याच्या वाट्यास ते यावे, एवढे आपणां सर्वांच्या हाती आहे. उद्या ती म्हण ओठांवर आली, तर ती उच्चारण्यापूर्वी दिवा घेऊन त्याच्याबरोबर परसदारापर्यंत जावे.